हातचे

दीड हजार शिलिंग.
त्यातले तीनशे पेट्रोलचे, चारशे गाडीच्या मालकाचे,
ऐंशी वांगेचीच्या वहीचे.
उरले सातशे वीस.
शाळेत बोटं दुमडून हिशेब करायचो,
आज बोटांसाठीच करतोय.

लिमुरूत जुलै म्हणजे धुकं.
चहाच्या मळ्यांमधून पहाटे उतरताना
दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवतो हातांवर,
रबराने मनगटाशी बांधतो.
थंडी थोडी अडते. रस्ता अडत नाही.

मुगो पडला तो वळणावर, वाळूवरून.
पडताना हातांना कुणी विचारत नाही,
ते आपले आधी पुढे होतात,
घरातल्या थोरल्यासारखे.
सहा आठवडे त्याच्या शर्टाची बटणं बायकोने लावली.
सातव्या आठवड्यात मालकाने
गाडी दुसऱ्याला दिली.
हातावर पोट असतं ना,
हात गेला की ते कुठे ठेवायचं?

तोच सांगत होता काल,
डांबराने खरवडलेला तळवा माझ्यासमोर धरून:
"वरचं टणक प्लास्टिक बघून भुलू नकोस,
तळवा बघ. मनगटाच्या वर, इथे,
दुहेरी कातडं हवं.
टाके नखाने उचकून बघ.
पट्टी आवळ, मग बोटं धरून ओढ.
सुटून आला,
तर तो हातमोजा नाही, नुसता मोजा."

शहरातल्या दुकानात नवे आहेत, काचेआड. सहा हजार.
मी बाहेरूनच हात जोडले.

गिकोम्बात सकाळी गठ्ठे फुटतात,
थंड देशांतली कपाटं रिकामी होऊन
आवुओरच्या ताडपत्रीवर सांडतात.
बागेचे मोजे, बर्फाचे मोजे,
एक लग्नातला असावा, मोत्यांच्या बटणांचा.
एका जोडीला बोटांच्या पेरांवर कासवाची पाठ,
तळव्याला मात्र छत्रीचं कापड.
पाचशे, म्हणे. ठेवला.

मग हाताला लागली काळी जोडी,
बकऱ्याच्या कातड्याची. पाऊस पिऊन वाळलेला वास.
आत शाईने नाव: लिंडक्विस्ट.
उजवा धड. डाव्याचा तळवा
घासून गुळगुळीत, कडेचे टाके उसवलेले.
मी हात घातला. अंगठ्याशी
दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्याची जागा होती.
हा डावा एकदा कामी आलाय.
लिंडक्विस्ट, तुझा हात वाचला असेल,
असं धरून चालतो.
पण कामी आलेल्याला
पुन्हा लढाईवर पाठवू नये.

"नुसता उजवा देतेस?"
आवुओर हसली, "उजव्याला गिऱ्हाईक आहे,
मग डाव्याचं काय, लोणचं घालू?"
तरी वाकली. कमरेपर्यंत गठ्ठ्यात गेली.
बराच वेळ फक्त तिची पाठ दिसत होती.
वर आली ती एक तपकिरी डावा घेऊन,
एकटाच, जोडीदार कुठल्या देशात राहिला कोण जाणे.
एक माप मोठा. टाके दुहेरी.
पट्टी आवळली, ओढला.
नाही आला.

आठशेवरून सहाशे नव्वदपर्यंत
मी तिला कसं आणलं ते सांगत नाही,
तिची मान खाली जाईल, माझीही.
फाटका डावा तिने वर फुकट टाकला.
उरलेल्या तिसात चहा आणि अर्धा मंदाझी.

परतीला कोबीची पोती घेऊन मागे बसलेली बाई म्हणाली,
"दोन हात दोन रंगांचे?"
म्हटलं, पडलो तर रस्ता रंग बघत नाही.
तिला हे आवडलं नाही. पोतं घट्ट धरून बसली.

रात्री वांगेचीने तो फाटका घातला
आणि नव्या वहीत बेरीज मांडली.
आठ, नऊ, सहा.
जाड कातड्यातली बोटं दुमडेनात तिची.
"तेवीस," म्हणाली कशीबशी,
"तीन लिहिले. हातचे किती?"

चुलीच्या कडेला वाळत होते
एक काळा, एक तपकिरी.
"दोन," म्हणालो.